पंगतीला न आलेली माणसं

शितावरून भाताची परीक्षा, हे आपलं घरगुती नमुनाशास्त्र. १९७९मध्ये ब्रॅडली एफ्रन यांनी मांडलेली बूटस्ट्रॅप पद्धत एक पाऊल पुढे जाते: हातातल्याच नोंदींतून चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येक चिठ्ठी परत टाकायची, दर फेरीला रिग्रेशनची रेषा नव्याने आखायची. रेषा जितकी डळमळते, तितकी खात्री कमी. पण जो नोंदींत आलाच नाही, तो हजार फेऱ्यांनंतरही येत नाही.

२०२१च्या जनगणनेत कॉव्हेंट्रीची लोकसंख्या सुमारे ३,४५,००० होती. माझ्याकडे जेवून गेलेली माणसं बहुतेक विद्यापीठातली, नाहीतर मराठीच. तरी 'इथले लोक असेच' हे मी आईला फोनवर बिनदिक्कत सांगतो. तुम्हीही सांगत असाल. त्याच आठवणी घोळवून मत ठाम होतं, खरं होत नाही. सांगण्याआधी एवढंच विचारूया: आपल्या पंगतीला कोण कधी बसलंच नाही?