मेंढरांचा आवाज

आजचं वाचन : १ शमुवेल १५



आजचा अध्याय लांब आहे आणि अवघडही. शौल राजा अमालेक्यांवर स्वारी करून परत आलाय. काही म्हणजे काही राखायचं नाही, अशी आज्ञा होती. त्याने टाकाऊ जनावरं मारली, धष्टपुष्ट मेंढरं आणि बैल मात्र ठेवून घेतले. वाटेत कर्मेल इथे स्वतःसाठी स्मारकही उभारलं. (हे बाराव्या वचनात आहे. आपण बहुतेक वेळा ते वाचून पुढे जातो.) आणि शमुवेल भेटल्याबरोबर पहिलं बोलणं काय, तर मी परमेश्वराची आज्ञा पाळली! त्यावर शमुवेल साधाच प्रश्न विचारतो. मग माझ्या कानावर हा मेंढरांचा आवाज कसला येतोय?

मूळ इब्री भाषेत या सगळ्या अध्यायात एकच क्रियापद फिरत राहतं. शमा, म्हणजे ऐकणं. परमेश्वराचं ऐक, असं शौलाला सांगितलं तिथे तेच. शमुवेल मेंढरांचा आवाज ऐकतो तिथेही तेच. आणि शेवटी शौल कबूल करतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं, तिथेही तेच. इंग्रजीत याचे वेगवेगळे शब्द होतात आणि धागा सुटतो. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जेऊरला आमची आजी "आरं, ऐकलंस का न्हाई?" म्हणायची, तेव्हा ती माझे कान तपासत नसायची. घागर अजून रिकामी आहे, एवढाच त्याचा अर्थ असायचा.

मला तरी ‘आज्ञापालन’ हा शब्द इस्त्रीच्या कपड्यांसारखा वाटतो. ऐकणं हे घरातलं. पण अडचण तिथेच आहे, कारण घरात बोलणारे पुष्कळ असतात.

मागच्या महिन्यात माझ्या मामेबहिणीचा मेसेज आला. तिला नर्सिंगला प्रवेश मिळतोय, तोही दुसऱ्या शहरात. मंडळीतल्या वडिलांनी एक स्थळ आणलंय आणि सांगितलंय की ही प्रभूची इच्छा आहे, आज्ञाधारक राहा. तिने विचारलं, "दादा, मी यांना नाही म्हटलं, तर ते देवाला नाही म्हटल्यासारखं होईल का?"

मी तिला पंडिता रमाबाईंबद्दल लिहिलं. जेऊरहून पुण्याला येताना दौंड सुटलं की केडगाव येतं. त्या मुक्ती मिशनच्या रमाबाई. आपण त्यांना दुष्काळातल्या मुलींची आई म्हणून ओळखतो, पण त्याआधीच्या रमाबाई कमी सांगितल्या जातात. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवरा वारलेला, कडेला लहानगी मनोरमा. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानांनी नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ते राहिलं. मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकणं आणि संस्कृत शिकवणं सुरू झालं. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं का, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला. ज्यांना त्या आईसारखं मानत, त्या सिस्टर जेराल्डीन यांचंही म्हणणं होतं की चर्चच्या अधिकाऱ्यांचं ऐकावं, नम्रता ती हीच. रमाबाईंची पत्रं आज छापील स्वरूपात मिळतात. त्यांचा सूर स्पष्ट आहे. एका पुरोहितवर्गाच्या सत्तेतून मी सुटून आले ती दुसऱ्याच्या सत्तेखाली जायला नव्हे. देवाने मला सदसद्विवेक दिला आहे. वय तेव्हा सव्वीस-सत्तावीस, परका देश, आणि आधार याच लोकांचा.

आता कुणी म्हणेल, हा तर सरळ हट्ट. शौलानेही मनाचंच केलं ना? मलाही हा प्रश्न पडला, आणि उत्तर मेंढरांपाशी सापडलं. शौलाने ‘पाळलेल्या’ आज्ञेची किंमत सगळी दुसऱ्यांनी मोजली, आणि जे चांगलं होतं ते त्याच्या कळपात राहिलं. रमाबाईंचं उलटं आहे. बारा-तेरा वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्यातलं शारदा सदन नीट चाललं होतं, तिथेच थांबल्या असत्या तर कुणी बोट दाखवलं नसतं. १९०० पर्यंत केडगावात दीड हजारांहून जास्त बाया-मुली झाल्या होत्या. बिशपांना नाही म्हणणारी ही बाई देवाला हो म्हणताना स्वतःचं काही राखून ठेवत नव्हती.

अमालेक्यांचं मी टाळत नाही. लेकराबाळांसकट मारा, ही आज्ञा वाचताना माझं मन अडतं, आणि ते अडावंच असं मला वाटतं. आज कुणी देवाचं नाव घेऊन दुसऱ्याच्या जिवावर उठला, तर त्याने या अध्यायाचा आधार घेऊ नये. आपल्यापुढे गेथशेमाने आहे. फिलिप्पैकरांस २:८ काढून बघा. येशूच्या ऐकण्यात जीव गेला तो त्याचा स्वतःचा.

म्हणून बहिणीला एवढंच विचारलं. तू ऐकलंस तर किंमत कोण देणार, आणि सांगणाऱ्यांच्या कळपात काय राहणार? आणि हाच प्रश्न नर्सिंगलाही लाव. तिथे तुला काय सोडावं लागेल, आणि ते सोडायची तयारी आहे का? तिचं उत्तर यायला दोन दिवस लागले. तिने स्थळाच्या माणसांना स्वतः फोन केला, आधी वडिलांशी बोलली, आवाज न चढवता. घरात अजून अबोला आहे.

रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात इब्री आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, त्याआधी थोडेच दिवस ते काम पुरं झालं होतं. केडगावच्या छापखान्यात ते मुक्तीतल्या बायकांनीच छापलं. या अध्यायातला ‘शमा’ त्यांच्याही हाताखालून गेला असणार. त्या वेळी त्यांना माणसांचं बोलणं फारसं ऐकू येत नव्हतं.

उद्या अध्याय १६. दाविदाचा अभिषेक.