खरं ९३० आणि खोटं ९८०

२६ सप्टेंबर २०२१ ला राजस्थानात ‘रीट’ ही शिक्षक पात्रता परीक्षा झाली. गैरप्रकार टाळण्यासाठी जयपुरात मोबाइलचं इंटरनेट बंद ठेवलं होतं. पेपर मात्र त्याआधीच तिथल्या ‘शिक्षा संकुल’ या सरकारी इमारतीतून, म्हणजे जिथे तो जपून ठेवला होता तिथूनच, फुटला होता. २०२२ मध्ये परीक्षेचा दुसरा स्तर रद्द झाला, कडक कायदा आला. २०२३ मध्ये शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली. टोळ्यांना असा धाक हवाच. पण गिऱ्हाईक नसेल तर टोळीचा धंदा चालत नाही, आणि ते गिऱ्हाईक तयार होतं महाविद्यालयांत.

पदवीच्या पहिल्या वर्षातला साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. वीस आंदोलनांचा वेळ मोजून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर ९८० सेंमी प्रति वर्ग सेकंदाच्या आसपास यायला हवं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एखादीचं येतं ९३०. तिने दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न घेता हुकापर्यंतच घेतलेली असते, घड्याळही जरा उशिरा थांबवलेलं असतं. ही चूक हुडकणं म्हणजेच विज्ञान शिकणं. पण तास संपत आलेला, जर्नलवर सही हवी. मग ती ९८० वरून उलटं गणित मांडून निरीक्षणांचे रकाने भरते, आणि सही मिळते. प्रामाणिक मेहनतीपेक्षा साजरं उत्तर महत्त्वाचं, हा धडा तिला आपणच दिलेला असतो. पुढे सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवलेल्या फायली, परीक्षेतली मायक्रो झेरॉक्स आणि विकतचा प्रकल्प हे याच वाटेवरचे मुक्काम.

नियम याच्या मुळाशी पोचत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० टक्क्यांवर गेलं तर नोंदणी रद्द होते. धाक म्हणून हे ठीक. पण शब्द फिरवून टक्का खाली आणता येतो, विचार उसनाच राहतो. भरारी पथक चिठ्ठी पकडतं. ती का लिहावी लागली, हे विचारणं त्याचं काम नाही.

ते काम शिक्षकांचं. उत्तर का चुकलं, याच्या नेमक्या कारणाला गुण द्या. एका मोठ्या परीक्षेऐवजी छोट्या चाचण्या घ्या, म्हणजे एका पेपरावर सगळं वर्ष टांगलेलं राहणार नाही. प्रकल्पावर पाच मिनिटं समोरासमोर बोला. दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं काम तेवढ्यात उघडं पडतं. वर्गात ऐंशी मुलं आणि शिकवणारे तासिका तत्त्वावर, ही अडचण खरी आहे. म्हणूनच रिक्त जागा भरणं हाही कॉपी रोखण्याचाच उपाय मानला पाहिजे. तोवर दर आठवड्याला चिठ्ठी टाकून पाचच जणांना बोलवा. आपलीही पाळी येईल म्हणून बाकीचे तयारीत राहतील.

आणि सुरुवात आजच्या जर्नलपासून करता येईल. खऱ्या ९३० खाली सही करा. सगळ्या वर्गाचं ९८० आलं तर सही राखून ठेवा.