खोट्या तराजूचे खरे उत्तर

सापेक्ष घनतेला एकक नसते. शाळेत ही गोष्ट एका गुणाच्या प्रश्नापुरती येते आणि तिथेच संपते. मला तिच्यात फार मोठे बळ दिसते.

रिकामी बाटली तोलायची, मग काठोकाठ पाणी भरून तोलायची. कोरडी करून मध भरायचा, पुन्हा तोलायची. बाटलीचे वजन वजा करून मधाला पाण्याने भागायचे. समजा पाणी ५० ग्रॅम भरले, मध ७०; उत्तर १.४०, हीच मधाची सापेक्ष घनता. आता तोच तराजू प्रत्येक वजन एक दशांश कमी दाखवतो असे धरा. पाणी ४५ दिसेल, मध ६३. भागाकार पुन्हा १.४०! खोट दोन्हीकडे सारखीच बसते आणि भागाकारात निघून जाते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या तालुक्यात याचे मोल अधिक, कारण इथे जंगलातून माल आणणारा एक आणि त्याची प्रत ठरवणारा दुसराच असतो. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. मालकीचा कागद मिळाला, तसे मोजमापही गावाच्या हाती यायला हवे. ‘मध पातळ आहे’ या शेऱ्याला उत्तर आकड्यानेच देता येते. अन्नसुरक्षेच्या मानकांनुसार २७ अंश सेल्सिअसला मधाची सापेक्ष घनता किमान १.३५ हवी आणि ओलावा २० टक्क्यांहून जास्त नको.

ते २७ अंश विसरून चालत नाही. गडचिरोलीच्या उन्हाळ्यात पाणी सकाळच्या गारव्यात तोलले आणि मध दुपारी, तर तापून फुगलेला मध बाटलीत कमी मावतो आणि आहे त्याहून पातळ ठरतो. घट्ट मधात अडकलेले हवेचे बुडबुडेही तेच करतात. ते वर येईपर्यंत थांबावेच लागते. तराजूची खोट भागाकार धुऊन काढतो, घाई मात्र नाही.

भातशेतीला हे तत्त्व नवे नाही. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवले की त्याची सापेक्ष घनता जेमतेम १.०२ होते; धानाचे बी त्यात टाकले की पोचट वर तरंगते, भरीव तळाशी बसते. खाली बसलेले बी उगवेलच असे मात्र ते पाणी सांगत नाही.

मधाचेही तसेच. १.३५ च्या खाली आकडा आला तर मध मानकात बसत नाही, एवढे पक्के कळते. वर आला तर तो शुद्धच आहे असे ठरत नाही, कारण साखरेचा घट्ट पाकही तिथवर पोचतो. ती भेसळ ओळखायला वेगळ्या रासायनिक तपासण्या लागतात. त्या तालुक्याच्या ठिकाणी व्हाव्यात, ही मागणी ग्रामसभांनी करावी. बाटली आणि तराजू घेऊन बसायला मात्र गावाला कोणाची वाट पाहायची गरज नाही.