माफीचा ठराव

अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्टांनी १८४५ साली वेगळी चूल मांडली. भांडण कशावरनं? गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही, यावरनं. हे म्हणाले, का नाही? बायबलात आधार आहे! त्याच साली गुलामीतनं पळालेल्या फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र आलं. तो सांगतो, ख्रिस्ताचा धर्म वेगळा नि या मुलखातला धर्म वेगळा. पोथी एकच, पण एकाच्या पाठीवर वळ नि दुसऱ्याच्या हातात चाबूक.

१९९५ साली त्याच सदर्न बॅप्टिस्टांनी ठराव करून काळ्यांची माफी मागितली. दीडशे वर्षांनी! बायबलातलं अक्षरही बदललं नव्हतं, मित्रांनो. मधल्या काळात यादवी झाली, मोर्चे निघाले, माणसं तुरुंगात गेली. १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंगनं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातनं पत्र लिहिलं, ते गोऱ्या धर्मगुरूंनाच. ते त्याला दम धरायला सांगत होते. (हा दम आपल्याही ओळखीचा.)

म्हणून श्रद्धाच फोल, असं मी म्हणणार नाही. किंगचं बळ काळ्यांच्या चर्चमधनंच आलं. पण जो धर्म लढाई चालू असताना गप्प बसतो नि निकाल लागल्यावर हात जोडतो, त्याची नीती त्याची स्वतःची, की हरल्यावर गळ्यात पडलेली? आणि ती माफी घ्यायची कुणी? डग्लस तर १८९५ सालीच वारला.