दीर्घ आजार, विरह आणि सब्र



जुन्या जालन्याच्या इतिहासात मोती तलावाची हकीकत येते. जमशेद खान यांनी हा तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून त्याचे पाणी शहरातील हौदांपर्यंत पोहोचविले. क्षणभर कल्पना करा की तलाव काठोकाठ भरलेला आहे, पण हे नळ एकेक करून बुजत चालले आहेत. हौद कोरडे पडतील आणि पाहणारा म्हणेल, पाणी संपले. वस्तुतः पाणी संपलेले नसते, त्याची वाट बंद झालेली असते.

मोटर न्यूरॉन डिसीज हा आजार असाच आहे. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी त्याच्या मुख्य प्रकाराचे वर्णन १८६९ साली केले. मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून स्नायूंना आज्ञा पोहोचविणाऱ्या पेशी त्यात हळूहळू मरतात. आधी हाताची पकड सुटते किंवा पाऊल अडखळते, मग बोलणे जड होते, घास गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पण रुग्णाला दिसते, ऐकू येते, स्पर्श कळतो. बहुतेकांची समजही शाबूत राहते. लक्षणे दिसू लागल्यापासून बहुतेक रुग्णांना दोन ते पाच वर्षे मिळतात. रिल्युझोल हे औषध आजाराची गती थोडी मंदावते. तो बरा करणारे औषध अद्याप सापडलेले नाही.

आता एक शेतकरी डोळ्यांसमोर आणा. घर जुन्या जालन्यात, शेत शहराबाहेर. थोडी कपाशी, थोडे सोयाबीन आणि मोसंबीची बाग. एके दिवशी खुरपे हातातून गळते. पुढच्या मृगाला तिफण धरता येत नाही. त्यापुढच्या वर्षी तो खाटेवर असतो आणि पाऊस पडल्यावर वाफसा आला की नाही, हे मुलाला डोळ्यांनी विचारतो. तुमच्यापैकी काहींनी आपल्या अब्बांना, भाईजानला किंवा अम्मींना असे दिवसेंदिवस हरपताना पाहिले असेल. मृत्यू एकदाच येतो, पण अशा घराला विरह रोज थोडा थोडा सोसावा लागतो.

अशा वेळी लोकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "ही कोणत्या गुन्ह्याची शिक्षा?" कोणी नजर लागली म्हणतो, कोणी करणी. बंधूंनो, असे बोलण्यापूर्वी हजरत अय्यूब (अ.) यांना आठवा. ते अल्लाहचे प्रेषित होते, तरी त्यांना दीर्घ व्याधी जडली. आपले दुःख त्यांनी अल्लाहपुढे मांडले आणि पवित्र कुरआनने त्यांना सब्र करणारा उत्तम दास म्हटले (सूरह साद). आजार हा पापाचा पुरावा असता, तर ही प्रशंसा त्यांच्या वाट्याला आली नसती. दुःख अल्लाहजवळ बोलून दाखविणे सब्रच्या विरुद्ध नाही, हेही यावरून कळते.

उपचार करणे हीसुद्धा सुन्नत आहे. काही खेडूत अरबांनी 'आम्ही औषधोपचार करावा का?' असे विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी होकार दिला (अबू दाऊद, तिर्मिजी). म्हणून मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जावे, गिळणे व श्वास सुसह्य करणाऱ्या उपायांची माहिती घ्यावी. पण हमखास बरे करतो म्हणून जमीन विकायला लावणाऱ्या भोंदूपासून दूर राहावे. ती जमीन उद्याच्या विधवेची आणि मुला-मुलींची आहे. त्यांचे हिस्से सूरह निसामध्ये अल्लाहने ठरवून दिले आहेत.

मग सब्र म्हणजे काय? हात बांधून मृत्यूची वाट पाहणे नव्हे. अशा घरात सब्र ही रोज करावयाची कामे असतात.

पहिले काम म्हणजे रुग्णाची इबादत सोपी करून देणे. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. प्रेषितांनी (स.) त्यांना उभे राहून नमाज पढण्यास सांगितले, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर (बुखारी). वुजू करविणे शक्य नसेल तर तयम्मुम आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाला रोज्यांऐवजी फिद्याची सवलत आहे. मान हलविणेही थांबल्यास काय करावे, हे आपल्या आलिमांना विचारावे. आणि त्याला एक शुभवार्ता अवश्य सांगावी: निरोगी असताना तो जी सत्कर्मे करीत असे, त्यांचे पुण्य आजारपणातही लिहिले जाते (बुखारी). फजरला मशिदीत जाणाऱ्या पायांची वाट बंद झाली, पुण्याची झाली नाही.

दुसरे काम, वाणी आहे तोवर बोलून घेणे. कोणाचे देणे, कोणाची अमानत, सोसायटीचे कर्ज, बांधाचा जुना तंटा, सारे विचारून लिहून ठेवा. कुरआनची सर्वांत मोठी आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयीच आहे (सूरह बकरा : २८२). क्षमा मागा आणि क्षमा करा. बोलणे थांबल्यावर पाटीवर अक्षरे लिहून एकेक दाखवा. तो पापणीने होकार देईल. ब्रिटिश शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली हाच आजार असल्याचे कळले. २००१ साली ते मुंबईला आले, तेव्हा ते यंत्राच्या मदतीने बोलत असत. त्यांच्याइतके आयुष्य क्वचितच कोणाला लाभते, पण वाणी गेली म्हणून माणूस गेला नाही, हे सर्वांनाच लागू आहे. म्हणून खाटेपाशी उभे राहून, त्याला ऐकू येत नाही असे समजून बोलू नका. यंदा मोसंबीचा कोणता बहार धरायचा, हे त्यालाच विचारा.

तिसरे काम शेजाऱ्यांचे आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह दासाला विचारील की मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस. अमुक दास आजारी असताना तू गेला असतास तर मी तुला तिथेच भेटलो असतो, अशा आशयाची हदीस आहे (मुस्लिम). आपल्या शेतकऱ्यांत इर्जिकीची रीत होती. अडलेल्याचे शेत सर्वांनी मिळून नांगरून द्यायचे. ज्या घरात स्त्री रात्रभर पतीची कूस बदलते, तिथे एक रात्र जागून तिला झोपू देणे ही आजची इर्जिक आहे.

आणि एके दिवशी श्वास थांबतो. तेव्हा रडू आले तर रडा. पुत्र इब्राहीम यांच्या निधनसमयी प्रेषितांचे (स.) डोळेही पाणावले होते. मात्र काही जणांच्या मनात अश्रूंसोबत आणखी एक भावना येते, "सुटले एकदाचे." मग तीच भावना मनाला खात राहते. भगिनींनो, ज्या हातांनी वर्षानुवर्षे घास भरविला, त्यांना त्याच्या वेदना संपल्याचा दिलासा वाटणे हा विश्वासघात नव्हे. 'आम्ही कमी पडलो का?' हा प्रश्नही अल्लाहच्या स्वाधीन करा. तो कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडचा भार टाकीत नाही. आणखी काही करावेसे वाटले, तर त्याचे कर्ज फेडा, त्याच्यासाठी दुआ करा, त्याने लावलेली बाग जगवा. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणूस, पक्षी वा जनावर खाईल, ते त्याच्यासाठी सदका ठरते (बुखारी, मुस्लिम).

हे अल्लाह, ज्यांची वाणी थांबली पण ज्यांच्या अंतःकरणात तुझे स्मरण भरलेले होते, त्यांच्यावर कृपा कर. त्यांची सेवा करणाऱ्या हातांना मोबदला दे आणि आम्हा सर्वांना जन्नतमध्ये पुन्हा एकत्र आण. आमीन.