उरलेल्या दृष्टीची राखण

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे आपण एका दमात उच्चारतो. परंतु त्यांत मूलभूत भेद आहे. मोतीबिंदूने अंधुक झालेली दृष्टी शस्त्रक्रियेनंतर बहुधा परत येते. काचबिंदूने नेलेली दृष्टी परत येत नाही. डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट झाला नाही, की आतला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी चेता हळूहळू क्षीण होते. बहुतेकांना वेदना होत नाहीत. आधी कडेची दृष्टी जाते. समोरचे स्पष्ट दिसत असल्यामुळे रुग्णाला आपण काय गमावले याचा पत्ताही नसतो.

अशा रुग्णाच्या हाती थेंबांची बाटली देताना परिचारिकेने काय सांगावे? ‘थेंब घाला, बरे वाटेल’ असे सांगणे सोपे आहे. पण ते सत्य नाही. या थेंबांनी अधिक दिसू लागत नाही. काहींचे डोळे तर चुरचुरतात, लाल होतात. खोटा दिलासा मिळालेला रुग्ण दोन-तीन महिन्यांत ‘गुण नाही’ म्हणून औषध सोडून देतो. मग दोष कोणाचा? सोडणाऱ्याचा, की त्याला अर्धेच सांगणाऱ्याचा?

‘गेलेले परत येणार नाही, उरलेले राखता येईल आणि ती राखण तुम्हाला रोज करायची आहे.’ हे बोल कठोर वाटतात. तरीही त्यांत रुग्णाचा मान आहे. कारण त्याला शहाणा व जबाबदार माणूस समजूनच ते उच्चारलेले असतात. मात्र सत्य सांगून कर्तव्य संपत नाही. हातालाही शिकवावे लागते. खालची पापणी किंचित ओढावी, बाटलीचे टोक डोळ्याला लागू न देता एकच थेंब घालावा, डोळा मिटून नाकालगतचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध नाकावाटे रक्तात फारसे उतरत नाही. दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे. दमा असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे; काही थेंबांनी धाप लागू शकते. एवढे सांगून झाल्यावर रुग्णाकडून ते करवून पाहावे.

म्हातारपणी हात थरथरतात, थेंब गालावर ओघळतो. पण ‘मुलांना कशाला त्रास?’ म्हणून आजी गप्प राहते. येथे कुटुंबाची परीक्षा असते. विसरल्याबद्दल खेकसण्यापेक्षा ठरल्या वेळी शेजारी बसणे अधिक उपयोगी. शिवाय हा विकार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. म्हणूनच जाणती परिचारिका सोबत आलेल्या मुलालाही सांगते, ‘तुम्हीही डोळे तपासून घ्या.’ सांभाळायला आलेला माणूस त्या क्षणी स्वतःही सांभाळला जातो.

आजार बरा झाला तर आपण आभार मानतो. टळलेल्या अंधत्वाचे आभार सहसा कोणी मानत नाही, कारण ते कोणाला दिसलेलेच नसते. अशा न दिसणाऱ्या फळासाठी रोज नेमाने झटणे हे परिचारिकेचे, घरच्यांचे आणि स्वतः रुग्णाचेही कर्तव्य आहे.