दुसऱ्याची किल्ली

शास्त्रभाग : निर्गम २२:७-१५, लेवीय ६:१-५, २ राजे १२:४-१५



नाशिकहून मुंबई-आग्रा हमरस्त्याने जाताना मोटारी दुरुस्त करणाऱ्यांची गॅरेजे जागोजागी दिसतात. आपल्या खेड्यांतील ट्रॅक्टर, द्राक्षे वाहणारे पिकअप व फटफट्या अखेर तेथेच येतात. आणि आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुण तेथेच मिस्त्रीच्या हाताखाली काम करून पोट भरतात. म्हणून हा विषय व्यासपीठास हलका आहे असे कोणी समजू नये. जो किल्ली देतो तो विश्वास देतो. जो ती घेतो तो परमेश्वरासमक्ष घेतो.

ह्या संबंधाने आम्हांवर गुदरलेला एक प्रसंग सांगणे भाग आहे. आमच्या मोटारीचा क्लच बिघडला, म्हणून ती आम्ही एका गॅरेजात ठेविली. दोन दिवसांचे काम होते. तिसऱ्या दिवशी एका बंधूने सांगितले की, आदितवारी सायंकाळी तीच मोटार चार माणसे घेऊन रस्त्याने जाताना त्याने पाहिली. मोटार परत घेताना पाहतो तो काट्यावर नव्वद किलोमीटर वाढलेले. विचारिले तेव्हा मालक म्हणाला, “साहेब, गाडी तपासायची तर फिरवावी लागतेच.” तपासणीस चार-पाच किलोमीटर पुरतात हे त्यालाही ठाऊक होते व आम्हांलाही.

पेट्रोल गेले त्याचे दुःख थोडे. परंतु मोटारीच्या समोरच्या खणात आमची एक वही होती. कोणत्या घरी कोणते दुःख आहे, कोणासाठी काय प्रार्थना करावयाची, हे आम्ही तीत लिहीत असू. आठवड्याने एका खेड्यात गेलो असता एक भगिनी दारातच उभी राहून म्हणाली, “पाळकबाबा, माझ्या लेकीचं दुःख मी तुम्हांलाच सांगितलं होतं. मग ते हमरस्त्यावरच्या चहाच्या दुकानात कसं पोहोचलं?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

पुढे त्या गॅरेजात काम करणारा एक मुलगा रात्री आमच्या घरी आला. त्याने वही उघडून वाचली होती. ओळखीचे नाव दिसले, आणि एकाला सहज सांगितले होते. तो रडला. आम्ही त्याला त्या भगिनीकडे नेले. त्याने तिच्यापुढे आपला दोष कबूल केला, आणि त्याच्यानंतर आम्हीही केला. कारण वही प्रथम त्या मुलाने उघडी केली नाही. ती कुलूप नसलेल्या खणात ठेवून आम्हीच प्रथम उघडी केली होती. त्या भगिनीने आपले दुःख आमच्या हाती सोपविले होते, आणि आम्ही ते न जाणता दुसऱ्याच्या हाती दिले.

मोशेच्या नियमशास्त्रात शेजाऱ्याची वस्तू सांभाळावयास घेणाऱ्याविषयी स्पष्ट विधी आहेत. वस्तू नाहीशी झाली व चोर सापडला नाही, तर त्याने देवापुढे उभे राहून आपण तिला हात लाविला नाही हे सिद्ध करावे. ठेवीविषयी जो लबाडी करील त्याने ती पुरी परत करून वर पाचवा हिस्सा द्यावा. आपल्या देशाचा कायदाही येथे निराळे सांगत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, दुसऱ्याची वस्तू विशिष्ट कामासाठी घेणाऱ्याने ती आपल्या वस्तूप्रमाणे शहाणपणाने जपली पाहिजे. ठरल्यावाचून तिचा अन्य उपयोग केला व नुकसान झाले तर ते त्याने भरून द्यावे. आणि मनुष्याचे खासगीपण हा त्याचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. परंतु बंधूंनो, पेट्रोलाचे पैसे पाचव्या हिश्शासह परत करिता येतात. बाहेर पडलेली गोष्ट परत खणात ठेविता येत नाही.

योवाश राजाच्या काळी मंदिराची दुरुस्ती चालली, तेव्हा कारागिरांना द्यावयाचा पैसा ज्यांच्या हाती दिला त्यांच्याकडून हिशेब घेतला नाही, कारण ते सचोटीने वागत. त्यांची नावे शास्त्रात नाहीत. त्यांची सचोटी मात्र लिहून ठेविली आहे.

असे उदाहरण आपल्या नाशिकासही लाभले आहे. गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना येथील शरणपूरच्या मिशनात आश्रय, शिक्षण व हातचे धंदे मिळत. नाशिकच्या मिशनशाळेत शिकलेला जेकब वेनराइट हा डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या अखेरच्या प्रवासात त्यांच्या माणसांत होता. १८७३ साली साहेब आफ्रिकेच्या अरण्यात वारले. त्यांच्या पेट्या धन्याच्या माघारी नोकरांच्या हाती राहिल्या. तेव्हा सूसी व चूमा ह्यांनी सर्वांस बोलावून सर्वांदेखत एकेक पेटी उघडविली, आणि जेकबाने आतील वस्तूंची यादी लिहिली. मग धन्याचा देह, कागदपत्रे व सामान घेऊन ते कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यास आले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरात लिव्हिंग्स्टनांचा दफनविधी झाला, तेव्हा जेकब तेथे हजर होता. विचारणारा धनी जिवंत नव्हता. तरी देव पाहत आहे हे त्यांस पुरेसे होते.

तर मग, गॅरेजात काम करणाऱ्या तरुणांनो, किल्ली तुम्हांस कामापुरती मिळाली आहे. तपासणीस लागेल तेवढीच मोटार चालवा. कामाशी संबंध नसलेला खण उघडू नका. मोटारीत पत्र दिसेल, औषध दिसेल, कोण कोठे गेला ते कळेल. ते तेथेच राहू द्या. हातून काही मोडले तर धन्याने विचारण्याआधी सांगा.

आणि मोटार देणाऱ्यांनो, काट्यावरील आकडा व ठरलेले काम दोघांदेखत लिहून ठेवा. बदललेला जुना भाग मागून घ्या. कागदपत्रे घरी काढून ठेवा. हल्लीच्या मोटारीच्या पडद्यावर तुमच्या फोनमधील नावे व घराचा पत्ताही राहतो. तो आधी पुसून टाका, कारण ती नावे दुसऱ्यांची आहेत. पुराव्यावाचून कोणाही गरीब कामकऱ्यास चोर म्हणू नका, आणि काम झाल्यावर त्याची मजुरी अडवू नका. कापणी करणाऱ्यांच्या अडविलेल्या मजुरीची ओरड परमेश्वराच्या कानी जाते, असे याकोबाने आपल्या पत्रात बजाविले आहे.

उपदेशक बंधूंनो, आपल्यासाठी शेवटचा शब्द. लोक आपणांस मोटारीची नव्हे, अंतःकरणाची किल्ली देतात. आमची ती वही आता कुलुपात असते, आणि नावे तीत लिहीत नाही. ती देवास ठाऊक आहेत. त्या भगिनीने आम्हांस क्षमा केली. परंतु आपल्या लेकीविषयी ती आम्हांपाशी पुन्हा बोलू लागली ती सहा महिन्यांनी. तोवर तिच्या दारी आम्ही नुसते जाऊन बसत असू. विश्वास मोडावयास एक सायंकाळ लागली. तो दुरुस्त करण्यास असे बसावे लागते. सोपविलेल्या प्रत्येक वस्तूविषयी प्रभू आपणांस विश्वासू ठेवो. आमेन.